झिपरीची सात मिनिटं

मेडशी, ७ ऑक्टोबर १९५७

जगदेव,

हा मजकूर कार्डावर मावला असता तर कार्डच टाकलं असतं. पाकीट न फोडता ठेवून देता येतं, कार्ड हातात आलं की वाचलं जातंच. फोड आणि वाच. भांडण यात नाही.

काल रविवारी झिपरीच्या अंगावरचे गोचीड काढत होते. डाव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर, बोटाला गाठ लागली. केसांत दडली होती. वाळल्या बोराएवढी, टणक, वर जराशी ओली. दाबली तर जागची हलत नाही. वाशीमचे गुरांचे डॉक्टर सोमवारी मालेगावला येतात म्हणून आज पहाटे गाडी जुंपून तिला घेऊन गेले. त्यांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हा कॅन्सर दिसतो. बैलाच्या शिंगात होतो, तर आम्ही शिंग कापतो. इथं काय कापू? हा डोळ्यात जाणार. एक सुई देतो, सुटेल बिचारी." मी तिला उचलून परत गाडीत घातलं. आत्ताच घरी पोचले आहे, अजून हातपाय धुतलेले नाहीत.

झिपरी कोण, हे तुला माहीत असायचं कारण नाही. माय गेली त्याच्या पुढच्या वर्षी लखीराम नाईकांच्या तांड्यात शाळा निघाली. तिथं जायला एकही मास्तर तयार होईना. मी अर्ज केला. राहते मेडशीतच. तांडा साडेतीन मैल, त्यातले दोन मैल जंगल. लखीराम नाईक तांड्याचा पुढारी. त्यानं पहिल्याच आठवड्यात आपल्या शिकारी कुत्र्यांतली एक वर्षाची कुत्री माझ्या हातात दोरीसकट दिली. म्हणाला, "बाई, हिच्याबिगर येऊ नोका." कानांवर केस लोंबतात म्हणून पोरांनी नाव ठेवलं झिपरी. गेल्या चैत्रात मोहाच्या झाडाखाली अस्वल फुलं वेचत होतं. मी त्याच्यापासून आठ-दहा हातांवर येईपर्यंत मला दिसलं नाही, झिपरीला दिसलं. ती मध्ये उभी राहिली म्हणून हे पत्र लिहायला मी आहे.

तू मुंबईहून किरणांची विद्या शिकून आलास आणि नागपुरात एका मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तेच काम करतोस, हे मला कारंज्याच्या मामांकडून कळलं. माणसाच्या गालावर अशी गाठ असली तर तू काय करतोस? ते कुत्र्याला करता येतं का? येत नसेल तर का येत नाही? एवढंच विचारायचं आहे. पाच वर्षांत मी तुला काही मागितलेलं नाही.

उत्तर लवकर दे. गाठ थांबणार नाही.

विजयमाला


मेडशी, २८ ऑक्टोबर १९५७

जगदेव,

तुझं कार्ड ऐन दिवाळीत मिळालं. पाच वर्षांनी पाच ओळी. त्यात 'ताई' शब्द आहे का, म्हणून दोनदा वाचलं.

तू लिहितोस: यंत्र माणसांसाठी आहे. किरण देताना खोलीत कोणाला थांबता येत नाही. कुत्रं एकटं सात मिनिटं स्थिर पडणार नाही. दहा वेळा क्लोरोफॉर्म दिला तर त्यानंच मरेल. मारून टाकणं हीच दया.

मला उत्तरपत्रिका तपासायची सवय आहे. किरणांनी गाठ जाणार नाही, असं तू कुठंही लिहिलेलं नाहीस. स्थिर पडणार नाही, असं लिहिलं आहेस. हे शिकवण्याचं काम झालं आणि ते माझं आहे. पहिलीत अठ्ठावीस पोरं आहेत माझ्याकडे. आयुष्यात कधी एका जागी न बसलेली, भिंतीवरून उड्या मारणारी. दसऱ्यापासून ती पाटीवर डोकं घालून बसतात.

तेव्हा मला एवढं कळव. तिला कोणत्या कुशीवर निजवावं लागेल? टेबल किती उंच असतं? यंत्राचा आवाज कसला, एकसारखा की थांबून थांबून? खोलीत उजेड असतो की अंधार? तोंडावर काही बांधता का? बांधत असाल तर त्याचं वजन किती?

मी सुरुवात केलेली आहे. शाळेतलं लांब बाक घरी आणलं आहे. उजव्या कुशीवर निजवते, "नीज" म्हणते आणि दाराबाहेर जाते. पहिल्या दिवशी मी उंबरठा ओलांडायच्या आत ती माझ्यापुढे अंगणात. काल दोन मिनिटं झाली. घड्याळ धरून दोन मिनिटं.

विजयमाला


मेडशी, २४ नोव्हेंबर १९५७

जगदेव,

तू विचारलेलं सगळं नीट, क्रमानं कळवलंस. आकृतीसुद्धा काढलीस. वर 'कळवतो, पण उपयोग नाही' असं लिहिलंस, ते मी सोडून दिलं.

आकृतीवरून इथल्या चांभाराकडून चामड्याचा मुखवटा शिवून घेतला. तू डोळ्यावर जो शिशाचा पत्रा ठेवतोस त्याच्या वजनाइतके छर्रे आत भरले. डोळा झाकलेला, गाठीपुरतं भोक. पहिले चार दिवस तिनं तो पंजानं ओढून काढला. मग मी घरात असताना जेवणही तिला तो घालूनच द्यायला लागले. आता मी मुखवटा हातात घेतला की ती आपण होऊन बाकावर चढते.

यंत्र घुमतं, असं तू लिहिलंस. घुमण्याचा आवाज मेडशीत एकाच ठिकाणी, बबनरावांच्या पिठाच्या गिरणीत. इंजिन चालू झालं की शेजारच्याला ओरडून सांगावं लागतं. मी झिपरीला आणि बाक घेऊन तिथं गेले. बबनराव पट्ट्याला तेल घालत होते. माझ्याकडे पाहून दळणाला आलेल्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तरीनबाई, दळन आनलं का कुतरीच दळाले आनली?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, नाही तर काम झालं नसतं. म्हटलं, "बबनराव, रोज सात मिनिटं मागते. ही इथं कोपऱ्यात निजेल. मी बाहेर उभी राहीन."

"आन पट्ट्यात गेली म्हंजे?"

"जाणार नाही."

गेली नाही, पण निजलीही नाही. इंजिन सुरू होताच बाकाखाली शिरली आणि थरथर कापायला लागली. आठ दिवस हेच. नवव्या दिवशी मी गेले तर बबनरावांनी कोपरा झाडून ठेवला होता, वर पोतं अंथरलं होतं. म्हणाले, "आज पयले तिले निजवा, मंग मी इंजन चालू करतो. आवाज हळू हळू वाढवतो. एकदम आवाज केला तं मानूसबी पयते." मला हे सुचलं नव्हतं. त्या दिवशी तीन मिनिटं. काल शनिवारी सहा मिनिटं आणि वर थोडी. दळणाच्या बाया आता हसत नाहीत. त्या मोठ्यानं आकडे म्हणतात आणि सहा झाल्यावर "हूं" करतात.

गाठ वाढली आहे. आता सुपारीएवढी. खालची पापणी ओढल्यासारखी दिसते. तू सांगितल्याप्रमाणे गुरांच्या डॉक्टरांकडून गाठीचा चिमूटभर तुकडा कापून घेतला. ते आधी तयार नव्हते. मी तुझी आकृती दाखवली तेव्हा ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "हे तुमच्या भावानं काढलं? मग आणा इकडे." तुकडा औषधाच्या बाटलीत घालून, बाटली कापसात गुंडाळून रजिस्टरनं पाठवते आहे. फुटली तर कळव, दुसरा कापून घेईन.

विजयमाला


मेडशी, १५ डिसेंबर १९५७

जगदेव,

तुकडा तपासला, कॅन्सरच आहे, पण त्याची ही जात किरणांनी बऱ्याचदा विरते, हे तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यापुढचंही वाचलं. थोरले डॉक्टर नाही म्हणतात. ज्या टेबलावर कुत्रं निजलं त्यावर आपल्याला निजवलं, हे रोग्यांना कळलं तर दवाखाना बंद पडेल, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. मी रोगी असते तर मलाही आवडलं नसतं.

तरी मी निघते आहे. शुक्रवारी २० तारखेला. टेबलावर घालायला माझं स्वतःचं मेणकापड आणि फिनेल आणते. रोगी यायच्या आत सकाळी साडेसहाला तिला आत न्यायचं, सात वाजता सगळं धुऊन मी बाहेर. इतकं ऐकूनही ते नाही म्हणाले तर माझ्या तोंडावर म्हणू देत. मग मी परत जाईन.

रजेचं झालं. शाळा-तपासनीस म्हणाले, कुत्र्यासाठी महिन्याची रजा कोणत्या नियमात बसते ते दाखवा. लखीराम नाईक माझ्याबरोबर आला होता. तो खाली पायरीवर बसला होता, तिथूनच बोलला, "सायेब, बाई एक मईना नाई आल्या तं पोट्टे मईनाभर खेळतीन. कुतरी मेली तं बाई जंगलातून येतीनच कशा? मंग शाळाच बंद होईन. तुमी हिसाब करून पाहा." तपासनीसांनी हिशेब केला असावा. सही दिली.

एसटीवाला कुत्रं घेत नाही. अकोल्यापर्यंत सरकीच्या लॉरीतून येते. तिथून रेल्वेत गार्डाच्या डब्यात कुत्र्यांची पेटी असते, असं स्टेशनवर विचारून ठेवलं आहे. तुझ्या घरी उतरणार नाही. स्टेशनजवळ धर्मशाळा आहे.

विजयमाला


नागपूर, ५ जानेवारी १९५८, रविवार

जगदेव,

मी याच गावात आहे आणि तुला पत्र लिहिते आहे, याचं कोणालाही हसू येईल. पण काल तू "थांबवू या" म्हणालास, मी "नाही" म्हणाले, आणि तेवढ्यात तुझे रोगी आले. बोलायला गेलो की आपण दोघंही दोन शब्दांच्या पुढे जात नाही. हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवते.

आधी पहिल्या दिवसाबद्दल. थोरले डॉक्टर तेव्हा कसे तयार झाले ते तू पाहिलं नाहीस, तू आत यंत्र तापवत होतास. मी त्यांच्या व्हरांड्यात पोतं टाकलं, झिपरीला मुखवटा चढवला, "नीज" म्हटलं आणि फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. ते आरामखुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली आला. खिशातलं घड्याळ निघालं. समोरून टांगा गेला, दूधवाला सायकलची घंटी वाजवत आत आला आणि तिला ओलांडून गेला. ती हलली नाही. दहा मिनिटं झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, "माझ्याकडे डोक्यातल्या नायट्यावर किरण घ्यायला पोरं येतात, चौघांनी धरली तरी इतकी स्थिर पडत नाहीत. साडेसहा ते सात. मेणकापड तुमचं. आणि बाहेर बोलायचं नाही."

सहा वेळा ती न हलता पडली. तू काचेतून तिच्याकडे पाहायचास आणि मी तुझ्याकडे. माय सुईत दोरा ओवताना श्वास रोखून धरायची, तसा तू सात मिनिटं धरतोस. हे तुला कोणी सांगितलं नसेल.

काल सातव्या वेळी ती चौथ्या मिनिटाला उठली. तू खटका बंद केलास. गाल भाजल्यासारखा ओला झाला आहे, केस गळून पडले आहेत, मुखवट्याची कड तिथंच घासते. तू म्हणालास, "सहा झाल्या, बऱ्याच झाल्या. आता तिचे हाल नको." तिच्या हालाची काळजी तू केलीस, हे मी विसरणार नाही. पण गाठ अर्धी उरली आहे हे तूच बोटानं मोजून सांगितलंस. अर्धी ठेवली तर काय होतं? तेही तूच शुक्रवारी सांगितलंस. पुन्हा वाढते, आणि दुसऱ्यांदा किरणांना दाद देत नाही.

मी रात्री मुखवटा उसवला. गालाकडची कड पाऊण इंच कापली, तिथं जुन्या लुगड्याचं मऊ कापड दुमडून शिवलं. धर्मशाळेची राखणदार नानीबाई, जी पहिल्या दिवशी कुत्रं आत घेऊ देईना, तिनंच दिवा धरला. आज दिवसभर झिपरीला नुसतं निजवून पाहिलं, गालाला काही लागू न देता. पडते.

उद्या सोमवारी साडेसहाला मी दाराशी असेन. ती पुन्हा उठली तर मी आपण होऊन थांबवीन. तू फक्त यंत्र तापवून ठेव.

विजयमाला


मेडशी, २ फेब्रुवारी १९५८

जगू,

आम्ही सुखरूप पोचलो. शेवटच्या तिन्ही वेळा ती पूर्ण सात मिनिटं पडली. अकोल्याला गार्डानं पेटी उघडली तेव्हा तिनं त्याचा हात चाटला.

गाल आता सुकला आहे. गाठीच्या जागी बोटाला काही लागत नाही, नुसती पातळ चकचकीत कातडी. केस आलेले नाहीत. डाव्या डोळ्यात धुकं आहे, त्या बाजूनं माणूस आला तर ती दचकते. किती दिवस बरी राहील ते सांगता येत नाही, सहा महिने की तीन वर्षं, हे तुझं बोलणं मी लक्षात ठेवलं आहे. सोमवारी आम्ही तांड्यावर गेलो. ती पुढे, मी मागे. लखीरामनं तिला जवळ घेऊन गाल उजेडाकडे वळवून पाहिला आणि "विजेचा शेक" असं म्हणाला. तेव्हापासून सगळे तेच म्हणतात.

आता दुसरं. हे मला नागपुरात बोलायचं होतं. स्टेशनवर तू पोचवायला आलास, गाडी सुटायला वेळ होता, आणि मी तुला झिपरीच्या मलमाबद्दल विचारत राहिले.

माय गेली तेव्हा तू मला विचारलंस, "तुला केव्हापासून माहीत होतं?" मी म्हणाले, उन्हाळ्यापासून, पण मायनं शपथ घातली होती, जगूच्या परीक्षेपर्यंत त्याला सांगू नको म्हणून. तू म्हणालास, "तू शपथ पाळलीस आणि माय मारलीस." मग तू गेलास. मला राग आला होता. शपथ पाळणाऱ्याला कोणी असं बोलतं का, असं मी कारंज्याच्या मामांनाही म्हणाले.

शपथ नव्हती.

गाठ तिनंच मला दाखवली, वैशाखात, अंगावर पाणी घेताना. म्हणाली, "जगूले एक कारड टाक वं. तो डाक्टरी शिकून राह्यला, त्याले समजन." मी म्हटलं, शेवटचं वर्ष आहे, त्याला घोर लावू नको. पोळ्याच्या सुमारास ती पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा संक्रांत झाली होती. तेव्हा तिला डावा हात वर करता येत नव्हता. ती विचारत होती, जगू, आणि नाही मी म्हणत होते. तिला लिहिता येत नव्हतं. येत असतं तर तिनं माझी वाट पाहिली नसती.

मी असं का केलं? पाच वर्षं मी स्वतःला सांगितलं की तुझ्यासाठी. ते पुरतं खरं नाही. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन घरी आले तेव्हापासून मी एकच गोष्ट ठरवली होती, आपला भाऊ डॉक्टर होणार. गावात, नातलगांत, माझ्यापाशी दाखवायला दुसरं काही नव्हतं. ते वर्ष वाया जाईल, ही भीती मला होती, मायला नव्हती. गाठ इतकी धावेल हे मला माहीत नव्हतं; पण ज्याला माहीत होतं त्याला मी विचारू दिलं नाही.

झिपरीची गाठ लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुला लिहिलं. कुत्रीसाठी एवढा आटापिटा का करते, याचं लोकांना नवल वाटलं. तुलाही वाटलं असेल. मला दुसऱ्यांदा वाट पाहायची नव्हती, बाकी काही नाही.

याचं उत्तर तू दिलं नाहीस तरी चालेल. माहीत असावं म्हणून लिहिलं.

ताई


मेडशी, १० मार्च १९५८

जगू,

पाच आठवडे झाले, तुझं पत्र नाही. मी त्याबद्दल विचारण्यासाठी लिहीत नाही.

आज दुपारी शाळेतून आले तर गोजराबाई दारात बसली होती. ही गिरणीवाल्या बबनरावांची बायको. मी झिपरीला निजवायचे तेव्हा ती दळणाच्या बायांत उभी राहून आकडे म्हणायची. वय छत्तीस-सदतीस, चार लेकरं. तिनं दार लावायला सांगितलं. मग झिपरीला जवळ घेतलं आणि तिच्या गालावरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसली. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, "बाई, इची गाठ खरंच गेली काय?"

"गेली."

"मंग मलेबी नेसान काय?"

डाव्या स्तनात आहे, जगू. वरच्या बाजूला, काखेकडे. लिंबाएवढी. हलते थोडी. वरची कातडी अजून फुटलेली नाही. काखेत मी चाचपून पाहिलं, मला काही लागलं नाही, पण माझ्या बोटांवर विसंबू नको. दहा महिने झाले म्हणते. मी विचारलं, "घरी सांगितलं काय?"

"नाई. यायले काहून सांगू? गिरनी सोडून मले घेऊन कुठं कुठं फिरतीन? अशा गाठीनं बाई वाचत नाई, हे समद्यायले ठाऊक हाये. म्हनून गप राह्यली. मंग तुमी कुतरीले घेऊन गेल्या. मी म्हनलं, जनावर वाचते तं…" मग म्हणाली, "पन यायले सांगू नोका, बाई. तुमाले माह्या लेकरायची आन."

मी म्हटलं, "गोजराबाई, ही आण मी घेत नाही." उठले, तिला उठवलं, आणि तिच्याबरोबर गिरणीत गेले. इंजिन चालू होतं. बबनरावांना मला ओरडून सांगावं लागलं, त्यांना आधी ऐकू गेलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा ओरडले. दळणाला आलेल्या दोन बायांनी ऐकलं. गोजराबाईनं पदर तोंडावर घेतला. बबनरावांनी इंजिन बंद केलं. अर्धं दळण गिरणीत तसंच. मग बायकोला म्हणाले, "धा मईने? धा मईने माह्या बाजूले बसून भाकर खाल्ली, आन बोलली नाई?" ती रडायला लागली. ते मला म्हणाले, "केवा निंगाचं?"

आम्ही तिघं पुढच्या शुक्रवारी, २१ तारखेला सकाळच्या गाडीनं नागपुरात उतरतो. हिला शेक लागेल, का कापावं लागेल, की दोन्ही, की उशीर झाला, हे तू तिला खरं सांगायचं. तिच्या नवऱ्यासमोर आणि तिच्यासमोर, एकाच वेळी. मला वेगळं बाजूला बोलावून सांगितलेलं चालणार नाही.

माझ्यावरचा राग तुझ्याकडे राहू दे. तो या बाईच्या आड येऊ देणार नाहीस, एवढं मी धरून चालले आहे.

ताई


नागपूर, १३ मार्च १९५८

ताई,

तुझं फेब्रुवारीतलं पत्र मिळालं होतं. तीन वेळा उत्तर लिहायला बसलो, तीनही फाडली. हे चौथं. काल तुझं दुसरं पत्र आलं नसतं तर हेही फाडलं असतं.

गोजराबाईंना जरूर आण. मी थोरल्या डॉक्टरांशी बोललो आहे. आधी मी तपासतो, मग इथल्या मोठ्या इस्पितळातले शल्यवैद्य पाहतील. बहुतेक कापावं लागेल, त्यानंतर किरण. दहा महिने हे फार झाले. पण कातडी शाबूत आहे आणि गाठ हलते हे तू लिहिलंस, ते चांगलं आहे. यापेक्षा जास्त मी पाहिल्याशिवाय बोलणार नाही. त्यांना खरंच सांगीन, दोघांना, समोर.

आता तुझ्या पत्राचं.

परीक्षेआधीच्या दिवाळीला मी चार दिवस घरी होतो. तुला आठवत असेल. माय मला जेवायला वाढत होती तेव्हा डावा हात अंगाला धरून होती. उतरंडीवरची डाळ तिनं तुला काढायला सांगितली. मी म्हटलं, खांदा दुखतो काय? ती म्हणाली, "हो रे बाबा, वात हाये." तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. मी आणखी विचारावं असं तिला वाटत होतं, हे मला त्या क्षणी कळलं होतं.

मी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी होतो, ताई. त्याच महिन्यात आम्हाला स्तनाच्या गाठीवर शिकवलं होतं. बाई हात का वर करत नाही याची कारणं मला पाठ होती. मी पुढचा घास घेतला. भाऊबीज झाली की परत जायचं होतं, अभ्यास राहिला होता, आणि मला ते खरं व्हायला नको होतं. विचारलं नाही म्हणजे नाही, असं काहीतरी मनात धरून मी गाडीत बसलो.

ती गेल्यावर तुझ्या शपथेचं ऐकलं आणि मला सुटल्यासारखं झालं. दोष ठेवायला कोणीतरी मिळालं. पाच वर्षं मी तो तिथंच ठेवला. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

तू लिहिलंस तसं मीही लिहितो, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण दिलंस तर बरं वाटेल.

शुक्रवारी धर्मशाळेत उतरायचं नाही. तुम्ही तिघं माझ्याकडे. खोली एकच आहे. मी आणि बबनराव व्हरांड्यात निजू. गाडी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी येते. मी फलाटावर असेन.

तुझा
जगू